पलटणीतून कॉलेजात, आणि दाराशी राहिलेल्या बायका



सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बुलढाणा अशा भागांत कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस फौजेत असतो. अठरा-वीस वर्षांचा असताना भरती होतो, पंधरा-वीस वर्षं नोकरी करतो आणि चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. गावात सत्कार होतो, हार पडतात, पेन्शन सुरू होते. मग चार दिवसांनी प्रश्न उभा राहतो, आता पुढं काय? कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहतं, कुणी शेती बघतं. शिक्षण जिथं थांबलेलं असतं तिथंच राहतं.

हाच प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेपुढं आला होता. तिथं तो एकदम १ कोटी ६० लाख सैनिकांचा होता. त्यावर त्या देशानं एक कायदा केला, सैनिकांना सरकारी खर्चानं शिकवायचा. लोक त्याला 'जीआय बिल' म्हणतात. तिकडं साध्या सैनिकाला 'जीआय' म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. तो कायदा कसा मिळाला, त्यानं काय केलं, आणि बायकांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, ते आज सांगते.

हा कायदा कुणाच्या मनात सहज आला म्हणून झाला नाही. त्याच्या मागं एक जुनी जखम होती. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना १९२४ मध्ये सरकारनं बोनस कबूल केला, पण हातात दिला तो कागद. पैसे मिळायचे होते १९४५ मध्ये. मध्येच १९२९ ला बाजार कोसळला, कारखाने बंद पडले, लोकांची कामं गेली. घरात चूल पेटेना आणि ट्रंकेत सरकारी कागद. शेवटी १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक राजधानीत, वॉशिंग्टनला जाऊन बसले. कितीतरी जणांनी बायका-पोरंही बरोबर नेली होती. नदीकाठच्या चिखलात पत्रे, फळ्या, खोकी जोडून त्यांनी झोपड्या उभ्या केल्या. मागणी एकच, आमचे पैसे आम्हांला आत्ता द्या.

२८ जुलै १९३२ ला सरकारनं त्यांच्यावर फौज घातली. घोडदळ आलं, रणगाडे आले, अश्रुधूर सोडला गेला, झोपड्या जळाल्या. त्याच दिवशी झालेल्या पोलिसांच्या गोळीबारानं दोन माजी सैनिकांचा जीव घेतला. ज्या फौजेत ते लढले, त्याच फौजेनं त्यांना हाकललं. पुढच्या वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट आले. सैनिक परत धरणं धरायला आले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांची पत्नी एलिनॉर स्वतः त्यांच्या छावणीत गेल्या, चिखलातून हिंडल्या, त्यांच्यात बसून गाणी म्हटली. आधीच्यानं फौज पाठवली, यानं बायको पाठवली, असं ते सैनिक म्हणू लागले. पैसे मात्र १९३६ मध्ये मिळाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ही आठवण सगळ्यांच्या डोक्यात होती. १ कोटी ६० लाख माणसं परत येतील, काम नसेल, मग पुन्हा तेच होईल का? माजी सैनिकांची 'अमेरिकन लीजन' ही संघटना आता मोठी आणि शहाणी झाली होती. या वेळी त्यांनी नुसती मागणी केली नाही, कायद्याचा मसुदाच लिहून दिला. कॅन्सस राज्यातले वकील हॅरी कोलमेरी यांनी वॉशिंग्टनमधल्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून तो हातानं लिहिला.

तरी कायदा अडलाच. मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन हे माजी सैनिकांच्या समितीचे प्रमुख. काम मिळेपर्यंत सैनिकाला आठवड्याला २० डॉलर भत्ता द्यायचा, असं त्यात होतं. तेवढे पैसे काळ्या सैनिकांच्या हातात पडले तर ते आमच्या शेतात कमी मजुरीवर राबायचे नाहीत, ही रँकिन यांची पोटदुखी. अखेरच्या समितीत तीन मतं इकडं, तीन तिकडं. सातवे खासदार जॉन गिब्सन आजारी, जॉर्जियात आपल्या घराकडं. रात्री शोधाशोध झाली. रेडिओवरून पुकारा झाला की खासदार गिब्सन कुठं असतील तर कळवा. ते सापडले, पावसातून गाडी पळवत त्यांना विमानाशी नेलं, आणि १० जून १९४४ च्या सकाळी त्यांनी मत दिलं. २२ जूनला रुझवेल्ट यांची सही झाली.

काय होतं या कायद्यात? युद्धकाळात निदान ९० दिवस नोकरी करून सन्मानानं सुटलेल्या सैनिकाला शिकायचं असेल तर वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि पुस्तकांचा खर्च सरकार भरणार. त्या काळी नामांकित विद्यापीठांची फीसुद्धा साधारण तेवढ्यात बसे. वर घरखर्चाला महिन्याला ५० डॉलर, आणि बायको-मुलं असतील तर ७५. जास्तीत जास्त चार वर्षं.

मोठ्या विद्यापीठांतले काही विद्वान नाराज होते. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी लिहिलं की अशानं कॉलेजं म्हणजे बेकारांचे अड्डे होतील. झालं उलटंच. शेतकऱ्यांची, खाणकामगारांची, गिरणीकामगारांची पोरं वर्गात येऊन बसली. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, ती पुढच्या बाकावर बसून अभ्यास करू लागली. युद्ध बघून आलेल्या माणसाला वेळेची किंमत कळलेली असते. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांतला जवळपास प्रत्येक दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता.

१९५६ मध्ये हा पहिला कायदा संपला, तोवर ७८ लाख जणांनी त्याचा लाभ घेतला होता. त्यातले २२ लाख कॉलेजात गेले. ३५ लाख इतर शाळांत गेले, १४ लाखांनी काम करता करता हातातलं कसब मिळवलं, आणि ७ लाखांनी शेतीचं शिक्षण घेतलं. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. शिक्षण म्हणजे फक्त पदवी, असं त्या कायद्यानं मानलं नाही. शेती, सुतारकाम, गाडीदुरुस्ती हेही शिक्षणच धरलं.

आता बायकांकडं येऊ. कितीतरी सैनिक लग्न झालेले होते. कॉलेजात एवढ्या संसारांना जागा कुठून आणायची? मग लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकी मांडल्या, चाकांवरच्या खोल्या आणल्या. हिवाळ्यात गारठा, उन्हाळ्यात भट्टी, काही ठिकाणी न्हाणीघर सामाईक. महिन्याच्या भत्त्यात संसार भागेना. मग बायको टायपिस्ट झाली, दुकानात, कचेरीत, खानावळीत कामाला लागली. पोर सांभाळायची, रात्री नवऱ्याचे निबंध टाइप करून द्यायचे. नवऱ्याला पदवी मिळाली त्या दिवशी काही कॉलेजांनी बायकांनाही एक सर्टिफिकेट दिलं, 'नवऱ्याला पार पाडल्याबद्दल'. गमतीनं दिलेलं, छापील, सही-शिक्क्याचं. ते दाखवून नोकरी मिळत नव्हती. आपल्याकडंही असे कागद पुष्कळ बायकांना मिळायला हवेत, असं वाटून हसू येतं. पण त्या हसण्यात थोडा राग पण असू द्या.

ज्या बायका स्वतः फौजेत होत्या त्यांचं काय? सुमारे साडेतीन लाख बायकांनी गणवेश घातला होता. त्या नर्स होत्या, वायरलेसवर होत्या, गाड्या चालवत होत्या. कायद्यात त्यांना बंदी नव्हती. तरी कॉलेजात गेलेल्या २२ लाखांत त्या ६५ हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात तीन. घर सांभाळायचं आहे, आता शिकून काय करणार, असं त्यांना चहूकडून ऐकावं लागे. शिवाय सैनिकांना जागा करण्यासाठी बऱ्याच विद्यापीठांनी साध्या घरच्या मुलींचे प्रवेश कमी केले. १९४० मध्ये कॉलेजात शंभरातल्या ४० मुली होत्या, १९५० मध्ये त्यांचा वाटा एकतृतीयांशाच्या खाली आला. मुलींची संख्या थोडी वाढली होती, पण पुरुषांसाठी दार जेवढं उघडलं तेवढं त्यांच्यासाठी उघडलं नाही.

सगळ्यांत कठीण गोष्ट विमान चालवणाऱ्या बायकांची. हजाराहून जास्त बायकांनी युद्धकाळात लष्कराची विमानं कारखान्यांतून तळावर नेली, नव्या विमानांची चाचणी घेतली. त्यातल्या ३८ जणी कामावर मेल्या. पण सरकारी कागदावर त्या सैनिक नव्हत्या, साध्या नोकरदार होत्या. त्यामुळं मेली तर शवपेटीवर झेंडा नाही. मैत्रिणींनी वर्गणी काढून प्रेत घरी पाठवलेलं आहे. ज्या जून १९४४ मध्ये जीआय बिल झालं, त्याच महिन्यात या वैमानिक बायकांना सैनिक मानायचं विधेयक संसदेत पडलं. तेहतीस वर्षांनी, १९७७ मध्ये, त्यांना माजी सैनिक म्हणून मान्यता मिळाली. तोवर शिकायचं वय कुठल्या कुठं निघून गेलं होतं.

काळ्या सैनिकांच्या वाट्यालाही असंच आलं. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. पण अंमलबजावणी गावोगावच्या कचेऱ्यांकडं आणि बँकांकडं होती, आणि त्या गोऱ्यांच्या हातात. १९४७ च्या सुमारास मिसिसिपीत सरकारी हमीची ३,२२९ कर्जं दिली गेली. त्यात काळ्या सैनिकांना मिळाली दोन. दक्षिणेतली गोऱ्यांची कॉलेजं त्यांना बंद, आणि काळ्यांच्या कॉलेजांत जागा अपुऱ्या, म्हणून हजारो जण परत फिरले. तरी जे शिकले, त्यांनी ते शिक्षण वाया घालवलं नाही. मेडगर एव्हर्स हे युरोपात लढून आलेले सैनिक. याच कायद्यावर ते मिसिसिपीतल्या काळ्यांच्या कॉलेजात शिकले, १९५२ मध्ये पदवीधर झाले. १९५४ मध्ये कायदा शिकायला राज्याच्या विद्यापीठात अर्ज केला, तो नाकारला. पुढं ते नागरी हक्कांच्या लढ्याचे पुढारी झाले आणि १९६३ मध्ये त्यांच्याच दारात त्यांना गोळी घातली गेली.

सैनिकाची नोकरी आणि शिक्षण यांचं नातं आपल्या मातीतही आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. गावच्या शाळेत ज्या समाजाला बाहेर बसवत, त्या समाजातल्या सैनिकांना पलटणीच्या शाळेत अक्षर मिळालं. त्या घरातला मुलगा पुढं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठापर्यंत गेला. पलटणीत आलेलं शिक्षण पुढच्या पिढीला कुठवर नेतं, ते आपण बघितलेलं आहे.

अमेरिकेतला कायदा पुढं बदलत गेला. कोरियाच्या आणि व्हिएतनामच्या युद्धांच्या काळात नवे कायदे झाले. २००८ च्या कायद्यानं एक मोठी गोष्ट केली. सैनिकाला आपला शिक्षणाचा हक्क बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर करता येऊ लागला. गमतीचं सर्टिफिकेट घेऊन घरी गेलेल्या बायकांच्या नातींच्या काळात हे घडलं. त्यालाही अट आहे. नोकरीत असतानाच अर्ज करावा लागतो. बाहेर पडल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

आपल्याकडं काय आहे? माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि सैनिकांच्या विधवांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक शिक्षणासाठी दरमहा रक्कम मिळते, आणि मुलींचा दर मुलांपेक्षा थोडा जास्त आहे. त्याची माहिती आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. पण तिथं गेल्यावर पहिलं बघतात ते सैनिकाचं डिस्चार्ज बुक. त्यात बायकोचं नाव एक, आधार कार्डावर दुसरं. मुलीची जन्मतारीख तिथं एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. मग हेलपाटे सुरू होतात. माणूस हयात असताना ही दुरुस्ती सोपी असते. तो गेल्यावर तेच काम त्याच्या बायकोला एकटीनं करावं लागतं, आणि पोरीचं प्रवेशाचं वर्ष कुणासाठी थांबत नाही.

त्या वैमानिक बायकांनी विमान उडवलं, जीव दिला, पण कागदावर नाव चुकीच्या रकान्यात होतं, म्हणून तेहतीस वर्षं गेली. उलट बोनससाठी चिखलात बसलेल्या माणसांनी संघटना सोडली नाही, म्हणून पुढच्या सैनिकांना कायदा मिळाला. या दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

म्हणून एक काम सांगते. गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा, कुणाकुणाच्या घरात फौजी आहे, निवृत्त किंवा नोकरीत? त्या प्रत्येकीनं घरी जाऊन डिस्चार्ज बुक किंवा नोकरीचे कागद उघडून आपलं आणि मुलांचं नाव, जन्मतारीख आधारशी ताडून बघायची. वाचता येत नसेल तर जिला येतं तिला जवळ बसवा. फरक दिसला तर एकटीनं जाऊ नका, चौघी मिळून कार्यालयात जा. आणि गटात एखादी तरुण विधवा असेल, शिकायची इच्छा मनात धरून असेल, तर तिला विचारा. ती आपण होऊन बोलणार नाही.

एवढं करा.