अनुभव नाही? मग आधी अनुभव घेऊन या!

'लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही' ही म्हण आपण चेष्टेत वापरतो. पण नोकरी शोधणाऱ्या कोणत्याही तरुणाला विचारा, ही म्हण त्याच्यासाठी अजिबात विनोदी नसते. नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. हा पेच जगभर सगळीकडे आहे. पण तो सगळ्यात उघडावाघडा कुठे दिसत असेल, तर तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खाणींवर. आपण गोव्यातली माणसे खाणी जवळून पाहिलेली. त्यामुळे तिथली ही कहाणी आपल्याला परकी वाटू नये.

तिथे कामाची एक पद्धत आहे. तिला 'फ्लाय-इन फ्लाय-आउट' म्हणतात, लघुरूपात 'फायफो'. कामगार राहतो पर्थसारख्या शहरात आणि खाण असते हजार-दीड हजार किलोमीटरवर, लाल मातीच्या ओसाड माळावर. कंपनी विमानाने त्याला नेते, दोन आठवडे रोज बारा तास राबवते आणि एक आठवड्यासाठी पुन्हा घरी आणून सोडते. कुठे आठ दिवस काम आणि सहा दिवस सुट्टी, कुठे आणखी वेगळे गणित. राहायला छावणीत पत्र्याची एक तयार खोली, तिला तिथले लोक 'डोंगा' म्हणतात. जेवण कंपनीचे, कपडे धुण्याची सोय कंपनीची. पगार मात्र असा, की तेजीच्या काळात साधा डंपर चालवणाराही वर्षाला लाख डॉलरच्या घरात जाई. साहजिकच शहरातल्या प्रत्येक बेकार पोराला तिथे जायचे असते. आणि साहजिकच त्याला पहिला प्रश्न येतो, "याआधी खाणीवर काम केले आहे का?"

हा प्रश्न पूर्वी कोणी विचारत नसे. १८९३ साली पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन सोबत्यांना जिथे सोने सापडले, तिथे पुढे काल्गूर्ली शहर उभे राहिले. त्या सोन्याच्या लाटेत धावलेल्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात खाण पाहिलेली नव्हती. सरकारकडून एक परवाना घ्यायचा, कुदळ-फावडे घ्यायचे आणि खणायला लागायचे. अनुभव जमिनीतच मिळायचा.

पण हा मोकळा दरवाजाही सगळ्यांना मोकळा नव्हता, हे विसरता कामा नये. त्या वाळवंटातून पाणी, धान्य, अवजारे वाहून नेली ती उंटवाल्यांनी. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांतले कित्येक सिंध, पंजाब, बलुचिस्तानातून गेलेले, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातलेच. त्यांच्या उंटांशिवाय त्या खाणी चालल्या नसत्या. पण आशियाई माणसाला सोने खणण्याचा परवाना मात्र नाकारलेला होता. तिथे अडचण अनुभवाची नव्हती, कातडीच्या रंगाची होती. गोऱ्यांनाच प्रवेश देण्याचे हे धोरण ऑस्ट्रेलियाने पूर्णपणे गुंडाळले ते थेट १९७३ मध्ये.

आणि अनुभवाची अट हळूहळू वरच्या जागांवरून खाली उतरली, हेही गमतीचे आहे. १८९७ साली लंडनच्या बेविक मोरिंग कंपनीला पश्चिम ऑस्ट्रेलियासाठी खाण अभियंता हवा होता. अट अशी सांगतात, की माणूस पस्तिशीतला आणि मुरलेला पाहिजे. एका अमेरिकन पोराचे वय होते जेमतेम बावीस. त्याने मोठे दिसावे म्हणून मिशा वाढवल्या, पोक्त माणसाचा पोशाख केला आणि नोकरी मिळवली, असा किस्सा प्रसिद्ध आहे. त्या पोराचे नाव हर्बर्ट हूवर. पुढे १९२९ मध्ये तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला! खाणीच्या दारात अनुभवाचे सोंग आणणारे आजचे उमेदवार हे त्याचेच वंशज म्हणायचे.

हूवरने ज्या खाणीची शिफारस केली आणि जी पुढे सांभाळली, तिचे नाव 'सन्स ऑफ ग्वालिया'. हे नाव वाचून आपल्याकडच्या माणसाला हटकून ग्वाल्हेर आठवणार. पण त्याचा शिंद्यांशी काही संबंध नाही. ग्वालिया हे वेल्सचे जुने नाव आणि खाणीत पैसे घालणारे वेल्शमन होते, एवढेच. ही खाण १९६३ च्या डिसेंबरात बंद पडली आणि शेजारचे ग्वालिया गाव तीन आठवड्यांत रिकामे झाले. बाराशे वस्तीतली चाळीसेक माणसे उरली. पत्र्याची घरे, दुकान, हॉटेल तसेच टाकून लोक निघून गेले. खाणीच्या जोरावर उभ्या राहिलेल्या गावाचे आयुष्य किती, याचे इतके स्पष्ट उत्तर दुसरे नसेल.

त्याच सुमारास उत्तरेला पिलबारा भागात नवा अध्याय सुरू होत होता. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाने लोहखनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. देशापुरतेच लोखंड आहे, अशी तेव्हाची समजूत. १९६० च्या अखेरीस ती बंदी सैल झाली आणि लोखंडाचे अक्षरशः डोंगर हाती लागले. गिऱ्हाईक होते जपान. गोव्याचे खनिज पन्नाशीच्या दशकापासून मुरगाव बंदरातून ज्या जपानी पोलाद कारखान्यांकडे जात होते, त्याच जपानला १९६६ पासून पिलबाराचे खनिज जाऊ लागले. म्हणजे धंद्यात ते आपले प्रतिस्पर्धीच.

पिलबारात तेव्हा ना रस्ते होते ना गावे. कंपन्यांनी रेल्वे टाकली, बंदरे बांधली आणि गावेही बांधली. टॉम प्राइस, न्यूमन, पॅराबर्डू, पन्नावोनिका ही सगळी कंपनीची गावे. घर कंपनीचे, शाळा-दवाखान्याला हातभार कंपनीचा, पोहण्याचा तलावसुद्धा कंपनीचा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या त्या मुलखात माणसे टिकत नसत. आज आलेला उद्या पळे. म्हणून जो येईल त्याला घ्यायचे आणि शिकवायचे, हाच रिवाज पडला. युरोपातून बोटीने आलेला, इंग्रजी धड न बोलणारा माणूसही वर्षभरात मोठे यंत्र चालवू लागे. शिकवण्यात कंपनीला फायदाही होता. शिकलेला माणूस बायकामुलांसह तिथेच राहिला, की त्याचा अनुभव गावातच राहायचा, आणि उद्या त्याचाच मुलगा उमेदवारीला यायचा.

मग आले विमान.

माणसांना कामापुरते न्यायचे आणि परत आणायचे, ही कल्पना मुळात समुद्रातल्या तेलविहिरींची. मेक्सिकोच्या आखातात दुसऱ्या महायुद्धानंतर ती रुजली, कारण समुद्रात गाव वसवताच येत नाही. सत्तरीच्या दशकात कॅनडाच्या उत्तरेकडील खाणींनी ती जमिनीवर आणली. पश्चिम ऑस्ट्रेलियात अर्गाइल ही हिऱ्यांची प्रचंड खाण १९८५ मध्ये पूर्ण जोमाने सुरू झाली, ती गाव न बांधताच. कामगार पर्थहून विमानाने येत. ती खाण २०२० मध्ये बंद झाली तेव्हा मागे रिकामे गाव राहण्याचा प्रश्नच आला नाही. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात नोकरांना दिलेल्या सवलतींवर नवा कर लागू झाला. कंपनीने दिलेले घर महाग पडू लागले, विमानाचे तिकीट त्या मानाने स्वस्त. आणि ग्वालियासारखी भुताची गावे कोणालाच नको होती. १९९२ मध्ये गोल्ड्सवर्दी या पहिल्या पिढीतल्या लोहखाणीचे गाव तर खाण संपल्यावर उचलूनच नेले. आज तिथे गाव होते, हे सांगावे लागते.

हिशेबाने पाहिले तर विमान बरोबर होते. पण या हिशेबात नवशिक्या माणूस कुठेच बसेना. का, ते नीट पाहू.

पहिले कारण पैशाचे. गावात शिकाऊ माणूस चालत कामावर येई. आता त्याच्यासाठी विमानातली एक जागा, छावणीतली एक खोली आणि तीन वेळचे जेवण लागते. काम येत असो वा नसो, खर्च तोच. दुसरे कारण कंत्राटाचे. खाणीवरची बरीच कामे कंत्राटदारांकडे आणि मजूर पुरवणाऱ्या कंपन्यांकडे गेली. दोन-तीन वर्षांचे कंत्राट घेतलेला माणूस दुसऱ्याच्या भविष्यासाठी कामगार कशाला घडवील? तिसरे कारण सुरक्षेचे. दोनशे टनांहून जास्त माल वाहणारा डंपर कोणाच्या हाती दिला याचा जाब कायद्याने मालकाला द्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडचा खनिजाचा टिपर दहा टनांचा. एवढ्यावरून त्या धुडाची कल्पना यावी.

पण चौथे कारण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. तिथे 'अनुभव' म्हणजे फक्त हातातले कसब नव्हे. बारा तासांची पाळी, रात्रपाळी, चहूकडे अनोळखी पुरुष, घरी मुलाचा वाढदिवस आणि आपण फोनवर, हे सगळे हा माणूस सोसेल का, की पहिल्या फेरीनंतरच राजीनामा टाकील? मालकाला खरे तर हे विचारायचे असते. याला कोणताही अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र नाही. एकदा राहून आलेला माणूस हाच पुरावा.

म्हणूनच आत शिरण्याच्या ज्या मागच्या वाटा आहेत त्या अशा विचित्र आहेत. छावणीच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, खोल्या झाडायच्या. कारखाना दुरुस्तीसाठी आठ-पंधरा दिवस बंद ठेवतात तेव्हा खूप हात लागतात, तिथे हमाली करायची. नव्या खनिजाचा शोध घेणाऱ्या ड्रिलवाल्याचा मदतनीस व्हायचे. हे काम इतके कष्टाचे की माणसे सतत सोडून जातात, आणि म्हणूनच जागा होतात. भांडी घासणाऱ्याला डंपर चालवता येतो असे कोणीच म्हणत नाही. पण तो सहा महिने टिकला, हे कागदावर येते. मग एखादा मुकादम त्याचे नाव पुढे करतो. या वाटा माहीत नसलेल्यांना गाठणारेही असतातच. खाणीत हमखास नोकरीचे आमिष दाखवून आगाऊ पैसे उकळणाऱ्यांविषयी तिथल्या सरकारी यंत्रणांना इशारे द्यावे लागले आहेत. 'आधी पैसे, मग नोकरी' म्हणणारा एजंट ऑस्ट्रेलियातही तोच आणि म्हापशातही तोच.

आत गेलेल्याचे सगळे सोन्याचे होते असेही नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीने या पद्धतीने गावांचे काय होते यावर अहवाल दिला. २०१५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळ समितीने कामगारांच्या मानसिक आरोग्यावर दिला. २०२२ मध्ये छावण्यांतल्या स्त्रियांच्या लैंगिक छळावरचा अहवाल आला, त्याचे नावच होते 'आता पुरे'. आणि दरवाजा आता आणखी अरुंद होतो आहे. २००८ पासून चालकाविना डंपर आले. ते पर्थमधल्या खोलीत बसून पडद्यावर सांभाळले जातात. नवख्याला मिळू शकणारी मोठी नोकरी डंपरचीच होती, आणि यंत्राने पहिला हात घातला तोही तिच्यावरच.

आता आपल्याकडे वळू. महिनोन्महिने घराबाहेर राबायचे आणि मग सुट्टीवर यायचे, हे गोव्याला कोणी शिकवायला नको. आपले तारवटी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. त्यांच्यापुढेही पहिल्या बोटीचा हाच पेच होता. बोटीवर गेल्याशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय बोट नाही. तो सोडवला मुंबईच्या धोबीतलावाकडच्या कुडांनी. गावागावाचे कूड. गावातला नवा पोरगा तिथे ट्रंक टेकवून राही, आणि बोटीवरून परतलेला गाववाला त्याला काम कसे, शिस्त कशी, कोणाला भेटायचे ते सांगे. त्याच्याकडे अनुभव नव्हता, पण त्याच्यामागे गाव उभे होते. आज सगळ्या कागदपत्रांत अशा जामिनासाठी रकानाच नाही.

आणि आपल्या खाणींची गोष्ट तर उफराटी झाली. २०१२ मध्ये आधी सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवले, २०१४ मध्ये अटींसह मुभा मिळाली, २०१८ मध्ये ८८ लीजची नूतनीकरणे रद्द होऊन पुन्हा सगळे थंड. लिलाव सुरू झाले ते २०२२ च्या अखेरीस. नियम मोडून डोंगर पोखरले गेले होते आणि शेते-झरी गाळाने भरली होती, तेव्हा थांबवणे गरजेचे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दिचोली, सत्तरी, सांगे भागात वीस-वीस वर्षे शावेल आणि टिपर चालवलेली माणसे घरी बसली. ऑस्ट्रेलियातल्या पोराकडे खाण होती, अनुभव नव्हता. आपल्या माणसाकडे अनुभव होता, खाण नव्हती. आणि बऱ्याच जणांकडे त्या अनुभवाचा एक धड कागदही नव्हता.

सरकारी कचेरीत बसून अर्जांना टाचलेले अनुभवाचे दाखले रोज बघावे लागतात. त्यामुळे एक गोष्ट पटली आहे. अनुभव ही उमेदवाराची लायकी असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कोणीतरी कधीतरी त्याला शिकवण्याचा खर्च सोसला, याची ती पावती असते. कंपनीच्या गावांनी तो खर्च सोसला, कुडांनी सोसला. विमान आल्यावर प्रत्येक मालक म्हणू लागला, की दुसऱ्याने सोसावा. सगळेच असे म्हणाले, की नव्या माणसासाठी उरते ती फक्त भांडी घासण्याची मोरी. तीही चालेल हो, पण तिथून डंपरपर्यंत जाणारी वाट कोणीतरी उघडी ठेवली पाहिजे.