उष्णता असते कुठे?

वैशाखातल्या एका दुपारी आम्ही भिवंडी तालुक्यातल्या अंजूर गावी एका शिक्षकमित्राकडे गेलो होतो. त्यांच्या सातवीतल्या मुलाचे तोंड आले होते. "उष्णता झालीय त्याला, परवा अख्खी पपई संपवली," असे म्हणत आजींनी त्याच्यापुढे सब्जा घातलेले थंड दूध ठेवले आणि आम्हांला कोकमाचे सरबत दिले. बाळंतपणासाठी आलेल्या लेकीच्या ताटात त्यांनी अंडी वाढली नाहीत, तिळाची चटणीही वाढली नाही. कारण तेच, 'गरम पडतील'. मुलाने आम्हांला विचारले, "तापमापी लावली तर सदतीसच दाखवते. मग उष्णता असते कुठे?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

चरकसंहितेत पदार्थांच्या 'वीर्या'ची चर्चा आहे. शीत आणि उष्ण हे त्याचे मुख्य प्रकार. हे शब्द पदार्थाच्या तापमानाबद्दल नसून, तो खाल्ल्यावर शरीरावर काय परिणाम होतो याबद्दल आहेत. ग्रीक वैद्य गॅलेन याच्या परंपरेतही औषधांना उष्ण-शीत अशा पायऱ्या होत्या. त्या युनानी वैद्यकातून भारतात आल्या. चीनमध्ये ली शिझेन यांचा औषधींवरचा प्रचंड ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही प्रत्येक द्रव्याचा स्वभाव उष्ण, शीत किंवा मधला असा नोंदवला आहे. चिनी घरांत आजही 'अंतर्गत उष्णते'वर मुगाचे पाणी आणि शेवंतीच्या फुलांचा काढा देतात. मूग आपल्याकडेही शीतच मानतात.

तापमापीचा काळ बराच नंतरचा. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या शरीराचे तापमान मोजून १८६८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर 'ताप' अंशांत मोजण्याची पद्धत रूढ झाली, पण 'उष्णता' हा जुना शब्द जुन्या अर्थानेच घराघरांत राहिला. मुलाचा गोंधळ इथला आहे: शब्द एक, अर्थ दोन.

मग जुना अर्थ निव्वळ कल्पना होता का? मिरचीचे उदाहरण पाहू. मिरची मूळची अमेरिकेतली. चरकाच्या काळी ती भारतात नव्हती. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली. अंजूरपासून खाडीमार्गे जवळ असलेली वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. ती जिंकण्याच्या मोहिमेत अंजूरचेच गंगाजी नाईक पुढे होते. या परक्या मिरचीला आपण 'उष्ण' ठरवले. चीनमध्ये तिचा उल्लेख १५९१ च्या एका ग्रंथात सापडतो. पुढे तिथेही ती उष्णच ठरली. एकमेकांना न विचारता दोघांचे उत्तर सारखे कसे आले?

याचे कारण १९९७ मध्ये कळले. अमेरिकेतले डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंतला एक ग्राही रेणू शोधला. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता त्याला जागे करते आणि मिरचीतले कॅप्सेसिनही त्यालाच जागे करते. मेंदूकडे जाणारा निरोप सारखाच. २००२ मध्ये पुदिन्यातल्या मेंथॉलला आणि गारव्याला प्रतिसाद देणारा ग्राहीही सापडला. या संशोधनासाठी ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मिरचीची 'उष्णता' मज्जातंतूंत असते आणि ती खरी असते.

पण यादीतली प्रत्येक नोंद अशी भक्कम नाही. दही आपल्या घरांत थंड. चरकसंहितेत ते उष्ण आहे. पपईही अमेरिकेतूनच आली आणि गरोदरपणी वर्ज्य ठरली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावले, पिकलेल्या पपईच्या रसाने नाही. तेव्हा कच्च्या पपईबाबतची सावधगिरी योग्य. पिकलेल्या फळाला तोच दोष लावणे योग्य नव्हे. अंडी आणि तीळ यांच्याबाबत तर नुकसानच होते. ज्या महिन्यांत प्रथिने आणि कॅल्शियम यांची गरज वाढते, त्याच महिन्यांत ते ताटातून जातात.

उन्हाळ्यात दुसरा धोका असतो. सब्जाचे बी पाणी धरून बुळबुळीत होते, कोकमाच्या सरबतातून पाणी आणि मीठ मिळते. तहानेला दोन्ही उत्तम. परंतु उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस बरळू लागतो. तेव्हा सरबत पाजत बसू नये, खिशातल्या कांद्यावरही विसंबू नये. सावलीत नेऊन अंग पाण्याने ओले करावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. इथे तापमापीची उष्णता महत्त्वाची.

वर्गात एक उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांनी घरून 'गरम' आणि 'थंड' पदार्थांच्या याद्या आणाव्यात. ज्या नोंदी सर्व घरांत जुळतात त्या वेगळ्या काढाव्यात, जिथे मतभेद आहेत तिथे कारणे विचारावीत. साध्या आणि पुदिन्याच्या पाण्याचे तापमान मोजून मग दोन्हींची चव घ्यावी.

अंजूरच्या त्या मुलाला आम्ही सांगितले, आजींचा सब्जा घे, थंड दुधाने तोंडाला बरे वाटेल. दोन आठवड्यांत फोड गेले नाहीत तर मात्र डॉक्टरांना दाखव. पपईचा दोष आम्ही मान्य केला नाही. आजी हसल्या. निघताना पाहिले, लेकीच्या ताटात उकडलेले अंडे आले होते.