रामकुंडावरील नामावळ आणि दोन लेखांमधला दुवा

नाशिकच्या पंचवटीत रामकुंडाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वृत्ती चालवणारे, म्हणजे ठराविक गावांच्या वा कुळांच्या यजमानांचे धर्मकृत्य वंशपरंपरेने करणारे तीर्थोपाध्याय ज्या वह्या जपत आले, त्यांना नामावळ म्हणतात. श्राद्धासाठी, अस्थिविसर्जनासाठी किंवा सिंहस्थाच्या स्नानासाठी आलेल्या यजमानाला उपाध्याय आडनाव व मूळ गाव विचारतो, त्यावरून नेमके बाड काढतो, आणि पूर्वजाने स्वहस्ते लिहिलेला, पुष्कळदा मोडीतला लेख त्याच्यापुढे उघडून धरतो; मग यजमानही वडील, भाऊ, मुलगे यांची नावे घालून आपला लेख लिहितो.

एका लेखात आजोबा आणि वडील असावेत, चाळीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या लेखात तेच वडील आणि त्यांचा मुलगा असावा, म्हणजे आजोबा-नातवाचे जे नाते कोणीच लिहून ठेवलेले नाही ते मधल्या नावावरून सिद्ध होते. कुलवृत्तांतकारांना तीर्थक्षेत्रींच्या या लेखांचे मोल वाटले ते यामुळेच.

याच जातीचे अनुमान शिकागो विद्यापीठातील माहितीशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये वैद्यकीय वाङ्मयावर करून दाखवले. रेनॉडच्या विकारात थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून बोटे पांढरी पडतात. या विकारात रक्ताचा दाटपणा वाढलेला आढळतो, असे काही शोधनिबंध सांगत होते, आणि माशाच्या तेलाने तो कमी होतो, असे दुसरे काही निबंध सांगत होते, परंतु हे दोन्ही गट एकमेकांचा उल्लेख करीत नव्हते. संगणकीय सूचीच्या साहाय्याने स्वॉन्सन यांनी ते एकत्र आणले व हे तेल गुणकारी ठरावे असे भाकीत केले; १९८९ मधील रुग्णचाचणीने प्राथमिक स्वरूपाच्या विकारापुरता त्याला दुजोरा दिला. पुढे नील स्मॉलहायझर यांच्यासह त्यांनी हे दुवे शोधण्यासाठी ‘ॲरोस्मिथ’ ही संगणकप्रणाली घडवली.

दुवा सापडणे सोपे, तो खरा असणे अवघड. ‘रक्त’ किंवा ‘रुग्ण’ असे शब्द हजारो निबंधांत असल्याने त्यांवरून काहीही कशालाही जोडले जाईल, म्हणून ॲरोस्मिथमध्ये अशा सरसकट शब्दांची यादी करून ते गाळावे लागले. नामावळीत हाच धोका नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीने उद्भवतो: गोविंद रघुनाथ, रघुनाथ गोविंद, पुन्हा गोविंद रघुनाथ. नुसत्या नावावर विसंबणारा येथे दोन पिढ्यांची गल्लत करील. म्हणून जाणता उपाध्याय नाव जुळल्यावरही भावांची नावे विचारतो, मिती पाहतो, आणि मगच पान यजमानापुढे सरकवतो.