किपांडे ते मोबाइल : आफ्रिकेंतील खासगी माहितीच्या हक्काचा इतिहास

माणसाच्या जमीनजुमल्याचें व पैशाअडक्याचें रक्षण करणारे कायदे जगांत फार जुने आहेत. परंतु त्याचें नांव, पत्ता, बोटांचे ठसे, तो काय विकत घेतो व कोणाशीं बोलतो, ही माहितीही त्याचीच आहे आणि तिला हात लावण्यापूर्वीं त्याची संमति घेतली पाहिजे, हा विचार मात्र अगदीं अलीकडचा आहे. युरोपांत या विचाराचे कायदे झाले तेव्हां त्याचें कोणास फारसें नवल वाटलें नाहीं. आफ्रिका खंडांतील देशांनीं तसेच कायदे करण्यास आरंभ केला, तेव्हां मात्र श्रीमंत देशांची ही चैन गरिबांना कशाला हवी, हा प्रश्न सहज मनांत येतो. आमच्या मतें हा प्रश्न इतिहास न पाहतां विचारलेला आहे. आपली नोंद दुसऱ्याच्या हातीं गेली म्हणजे काय होतें, हें आफ्रिकेच्या लोकांना जितकें कळलें आहे तितकें फार थोड्यांना कळलें असेल.

केनियाचेंच उदाहरण घेऊं. इंग्रजांनीं तेथील सुपीक डोंगराळ प्रदेश गोऱ्या मळेवाल्यांना दिला. पण मळ्यांवर राबणारे हात आफ्रिकी होते, आणि ते हात कामाला बांधून ठेवणें हा सरकारपुढील मोठा प्रश्न होता. त्यासाठीं १९१५ सालीं नोंदणीचा कायदा झाला व महायुद्ध संपल्यावर त्याची अंमलबजावणी सुरू झाली. प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषाला एक दाखला सदैव जवळ बाळगावा लागे. त्याचें नांव, त्याची जमात, बोटांचे ठसे, त्यानें कोणाकडे चाकरी केली व काय मजुरी मिळविली, हें सारें त्या कागदावर असे. कागद धातूच्या डबींत घालून ती डबी दोरीनें गळ्यांत अडकवीत. यालाच ‘किपांडे’ म्हणत. चाकरींतून मोकळें केल्याची सही मालकानें केली नाहीं तर दुसरीकडे काम मिळणें दुरापास्त होई, आणि सही न घेतां निघून जाणारा फरारी ठरे. १९२१ सालीं हॅरी थुकू या टेलिफोनवर काम करणाऱ्या तरुण सरकारी नोकरानें इतर जुलमांबरोबर या डबीविरुद्धही लोकांना उठविलें. पुढल्या वर्षीं मार्चमध्यें त्याला अटक झाली, आणि त्याच्या सुटकेसाठीं नैरोबीस जमलेल्या जमावावर गोळीबार होऊन अनेक माणसें मेलीं.

दक्षिण आफ्रिकेची कथा याहून वेगळी नाहीं, आणि तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोंचतो. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धति बंगालमध्यें पक्की झाली. १८९७ सालीं कलकत्त्यास तिचें स्वतंत्र कार्यालय निघालें. तिचे पुरस्कर्ते एडवर्ड हेन्री १९०० सालीं दक्षिण आफ्रिकेंत पोलीस खात्याची घडी बसविण्यासाठीं गेले. थोड्याच वर्षांत ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर ठशांसह सक्तीच्या नोंदणीचा कायदा आला, आणि त्याच्या प्रतिकारांतूनच गांधीजींच्या सत्याग्रहाचा जन्म झाला. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या सभेंत प्रतिज्ञा झाली व १६ ऑगस्ट १९०८ रोजीं तेथील मशिदीसमोर नोंदणीच्या दाखल्यांची होळी झाली. तेथील हिंदी लोकांची स्थिति पाहण्यासाठीं पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले १९१२ सालीं गेले होते, हें आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. आफ्रिकी लोकांवरील पासांचें ओझें मात्र वाढतच गेलें. १९५२ च्या कायद्यानें प्रत्येकाच्या हातीं पुस्तिका आली, आणि २१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें पासांविरुद्ध निदर्शनें करणारीं ६९ माणसें पोलिसांच्या गोळ्यांनीं पडलीं. पासांचे कायदे रद्द व्हावयास १९८६ साल उजाडावें लागलें.

राजवटी बदलल्या, नोंदी ठेवण्याची संवय मात्र राहिली, आणि सरकारच्या जोडीला व्यापारी येऊन बसला. मार्च २००७ मध्यें केनियांत एम-पेसा ही मोबाइल फोनवरून पैसे पाठविण्याची सोय निघाली. बँकेची पायरी कधीं न चढलेला शेतकरी शहरांतील मुलाकडून क्षणांत पैसे मिळवूं लागला, हा लाभ लहान नव्हे. परंतु पैसे भरावयाचे किंवा काढावयाचे तर कोपऱ्यावरील दुकानांतल्या वहींत ओळखपत्राचा क्रमांक व रक्कम लिहून सही करावी, अशी रीत पडली. इमारतींच्या दारांवरील पहारेकरीही येणाऱ्यांचीं नांवें व फोनचे क्रमांक वहींत उतरवून घेऊं लागले. अशा याद्या हातोहात फिरल्या तर जाहिरातदाराला आयतें गिऱ्हाईक मिळतें. ज्याचें नांव यादींत आहे त्याला मात्र आपला क्रमांक कोठून गेला याचा पत्ता लागत नाहीं. पूर्वीं डबी गळ्यांत दिसत तरी असे. ही नवी नोंद डोळ्यांना दिसतही नाहीं, एवढाच काय तो फरक.

कायदे हळूहळू आले. केप व्हर्दे या लहानशा बेटांच्या देशानें २००१ सालीं वाट दाखविली. २००४ सालीं ट्युनिशियानें, २०१२ सालीं घानानें कायदा केला. आफ्रिकी संघानें २०१४ सालीं मलाबो येथें यासंबंधीं करार मंजूर केला, पण त्यास पुरेशा देशांची मान्यता मिळून तो अमलांत यावयास जून २०२३ उजाडला. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यावर २०१३ सालीं सही झाली; तो पूर्णपणें लागू व्हावयास मात्र १ जुलै २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. केनियाचा कायदा नोव्हेंबर २०१९ चा, नायजेरियाचा २०२३ चा. यांतील पुष्कळ कलमें युरोपीय कायद्याच्या सांच्यांतून काढलेलीं आहेत हें खरें. परंतु उसन्या कपड्याखालचें शरीर त्याचें स्वतःचें असतें, आणि या कायद्यांत प्राण ओतला तो तक्रार करणाऱ्या सामान्य माणसांनीं.

पहिली झुंज सरकारशींच झाली. केनियाच्या सरकारनें ‘हुदुमा नंबर’ या नांवानें सर्व जनतेची नवी नोंदणी योजिली. ओळखपत्रें मिळण्यास आधींच अडचण सोसणाऱ्या नूबी समाजाच्या संघटनेनें व इतरांनीं न्यायालयांत धांव घेतली. जानेवारी २०२० मध्यें उच्च न्यायालयानें योजना सरसकट रद्द केली नाहीं. परंतु आनुवंशिक द्रव्याची व राहत्या ठिकाणाच्या अचूक स्थानाची माहिती गोळा करण्यास मनाई केली, आणि पुरेशी कायदेशीर चौकट उभारल्यावांचून पुढें जाऊं नये असें बजावलें. त्या खटल्यांत आपल्याकडील ‘आधार’चाही विचार झाला होता. ऑक्टोबर २०२१ मध्यें त्याच न्यायालयानें पुन्हां निर्णय दिला कीं, नागरिकांच्या माहितीला काय धोका पोंचेल याची आधीं तपासणी न करतां ओळखपत्रें वांटणें बेकायदेशीर होय. त्या अर्जदारांत हिंदी वंशाचे केनियन घटनापंडित यशपाल घई हे होते.

सरकारनंतर पाळी आली व्यापाऱ्याची. केनियांत मोबाइलवर तत्काळ कर्ज देणारीं ॲपें बोकाळलीं. कर्ज घेतांना तीं फोनमधील सर्व ओळखींच्या माणसांचे क्रमांक वाचण्याची मुभा मागत. आणि हप्ता चुकला कीं ऋणकोची आई, वरिष्ठ किंवा धर्मगुरु यांना फोन करून त्याची अब्रू काढण्याची सोय त्या मुभेंतच असे. २०२२ च्या नियमांनीं मध्यवर्ती बँकेनें या प्रकाराला बंदी केली. सप्टेंबर २०२३ मध्यें माहिती-संरक्षण आयुक्तांनीं अशा एका सावकारी संस्थेला २९,७५,००० शिलिंग, गिऱ्हाइकाचें छायाचित्र त्याच्या परवानगीवांचून जाहिरातीसारखें झळकविणाऱ्या एका उपाहारगृहाला १८,५०,००० शिलिंग आणि पालकांना न विचारतां मुलांचीं छायाचित्रें प्रसिद्ध करणाऱ्या एका शाळेला ४५,५०,००० शिलिंग दंड केला. या प्रकरणांच्या मुळाशीं कोणा विद्वानाचा ग्रंथ नव्हता. तक्रार करण्याचें ज्यांच्या मनांत आलें अशीं साधीं माणसें होतीं.

जाहिरातीच्या धंद्याची रीतच यानें पालटूं लागली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याचें ६९ वें कलम सांगतें कीं, अनोळखी माणसाला विद्युत-साधनांनीं जाहिरात पाठवावयाची तर आधीं त्याची संमति हवी, आणि ती मागण्यासाठींही त्याच्याकडे एकदांच जातां येईल. विकत घेतलेल्या यादीवर हजारों संदेश सोडणें, हा जो सोपा मार्ग होता तो येथें बंद होतो. व्यापाऱ्याला आतां गिऱ्हाइकाची ओळख स्वतः करून घ्यावी लागते, संमतीचा पुरावा जपावा लागतो, आणि ‘पुरे’ म्हटल्यावर थांबावें लागतें. नायजेरियांत ग्राहक-संरक्षण आयोगानें जुलै २०२४ मध्यें मेटा या बलाढ्य कंपनीला २२ कोटि डॉलरचा दंड केला आणि एप्रिल २०२५ मध्यें न्यायाधिकरणानें तो कायम ठेवला. कंपनी इतर देशांतील ग्राहकाला जो मान देते तो नायजेरियाच्या ग्राहकाला देत नाहीं, हा त्यांतील एक आरोप होता. ‘आम्हांलाही तोच हक्क’ ही मागणी जुन्याच लढ्यांची नाहीं काय?

तथापि सारें चित्र उजळ आहे असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. २०२३ सालीं वर्ल्डकॉइन नांवाच्या उपक्रमानें नैरोबींत डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा देणाऱ्यास नव्या आभासी चलनाची लालूच दाखविली, आणि लोकांच्या रांगा लागल्या. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें सरकारनें तो उद्योग थांबविला. मे २०२५ मध्यें उच्च न्यायालयानें गोळा केलेली माहिती नष्ट करण्याचा आदेश दिला. मोबदल्याच्या आमिषानें मिळविलेली संमति ही खरी संमति नव्हे, हें तत्त्व न्यायालयानें मान्य केलें तें योग्यच झालें. पण रांगेंत उभ्या असलेल्या माणसाला अज्ञानी म्हणून आम्ही हिणवणार नाहीं. ज्याच्या घरीं संध्याकाळची चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला बुबुळाची किंमत समजावून सांगणें सोपें नाहीं.

कायद्याच्या दातांचाही विचार केला पाहिजे. केनियांत आयुक्तांच्या दंडाची कमाल मर्यादा ५० लाख शिलिंग किंवा वार्षिक उलाढालीचा शेंकडा एक भाग, यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती, अशी आहे. म्हणजे कंपनी जितकी मोठी तितका तिला दंड हलका. नायजेरियाच्या कायद्यांत मोठ्या संस्थांसाठीं याच्या उलट, दोहोंपैकीं जी रक्कम अधिक असेल ती, असा नियम आहे, आणि तोच आम्हांस न्याय्य वाटतो. दुसरीकडे, मोबाइलवरच आपलें दुकान मांडणाऱ्या शिंपिणीला किंवा फळविक्याला मोठ्या कंपनीचेच नियम लावले, तर तीं बिचारीं कागदपत्रांतच बुडून जातील. कायद्यानें मोठ्याला कठोर व लहानाला समजूतदार असावें, ही अपेक्षा कांहीं अवास्तव नाहीं.

आपल्याकडे २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला व २०२३ सालीं माहिती-संरक्षणाचा कायदा संमत झाला. ठशांची विद्या ज्या भूमींतून आफ्रिकेंत गेली, त्या भूमींतील लोकांनीं आफ्रिकेच्या या अनुभवाकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहूं नये. कायदा पुस्तकांत असला म्हणून हक्क घरांत येत नाहीं. दुकानदारानें फोनचा क्रमांक मागितला असतां ‘कशासाठीं?’ एवढें विचारण्याची संवय ज्या समाजाला लागेल, त्याच समाजांत तो कायदा नांदेल. केनियांतील शाळेच्या पालकांनीं आणि नूबी लोकांनीं हा प्रश्न विचारला, म्हणूनच तेथील कायद्याला आज अर्थ आहे.