सामाईक यंत्र आणि त्याची निगा



यंत्रांचा इतिहास सांगताना आपण शोधकाचे नाव घेतो, कारखानदाराचे घेतो. परंतु रोज सकाळी त्या यंत्रावरची धूळ पुसणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. वस्तुतः यंत्र किती वर्षे चालायचे, हे पुष्कळदा त्या तिसऱ्या माणसाच्या हाती असते. शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठी लेझर कटर असलेली सामाईक कार्यशाळा व्हावी, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच ते यंत्र येण्याआधी त्याचा इतिहास आणि त्याची निगा, दोन्हींचा विचार झाला पाहिजे.

लेझरमागील मूळ कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडली. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. पण आज लहान कार्यशाळांतून लाकूड, कापड व पुठ्ठा कापणारा किरण त्यानंतर चार वर्षांनी आला, आणि त्याचा जनक आपल्याकडचाच. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर सिद्ध केला.

आता दुसरा धागा पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधक. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करीत शिकावे आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावे, ही त्यांची शिकवण. याच पाबळला २००२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे सर्वांना वापरता यावीत, हा तिचा हेतू. आणि अशा कार्यशाळांतून लेझर कटर हे नेहमीचे यंत्र होय.

या यंत्राच्या पाठीमागे वायूने भरलेली काचेची नळी असते. तिच्यातून निघणारा किरण डोळ्यांना दिसत नाही. तो तीन आरशांवरून वळत भिंगापाशी येतो आणि भिंग त्याला एका बिंदूत एकवटते. आरसे जुळवायचे ते क्रमाने. पुढच्या आरशावर कागदी चिकटपट्टी लावावी, झाकण मिटून क्षणभर किरण सोडावा व डाग पाहावा. सरकती गाडी जवळ असताना आणि दूर असताना दोन्ही डाग एकाच जागी पडले पाहिजेत. न पडल्यास आधीच्या आरशाचे स्क्रू किंचित फिरवावेत. पहिला आरसा साधल्यावाचून दुसऱ्यास हात लावू नये. आणि वीज बंद केल्याशिवाय आत हात घालू नये, कारण नळीला हजारो व्होल्टचा दाब असतो.

नळीभोवती थंड पाणी खेळते राहिले पाहिजे. तेथे विहिरीचे पाणी चालत नाही, क्षार साचतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणीच हवे. धूर ओढणारा पंखा चालू हवा. रेक्झीनसारख्या पी. व्ही. सी. च्या वस्तू कधीही कापू नयेत. त्यातून निघणारा आम्लवायू यंत्रही खातो आणि छातीही. आणि यंत्र चालू असता त्याच्यापासून दूर जाऊ नये. आग लागण्यास एक क्षण पुरतो.

परंतु खरा घात होतो तो काजळीने. कंदिलाची काच रोज पुसावी लागे, तसेच या भिंगाचे आहे. भिंग काळवंडले की किरण मंदावतो. घाईत असलेला माणूस भिंग पुसत नाही, विजेचा जोर वाढवतो. त्याचे काम निभते. भिंग मात्र तापून तडकते, नळीचे आयुष्य घटते, आणि दोष येतो नंतर बसणाऱ्या मुलाच्या माथी. सर्वांचे यंत्र कोणाचेच नसते, ते असे.

यावर उपाय गिरण्यांच्या इतिहासात सापडतो. तेथे मागावर विणकर असे. पण तेल घालणारा आणि फिटर हे वेगळे नेमलेले, पगारी असत. निगा हे काम मानलेले होते, उपकार नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण सक्तीचे केले, तेही मालकाच्या मर्जीवर सोडले नाही.

म्हणून माझी सूचना अशी. कार्यशाळेचा अंदाजपत्रक कागद पुढे येईल, तेव्हा यंत्राच्या किमतीखाली आणखी एक ओळ असावी: निगा राखणाऱ्याचे वेतन. त्याच्यापाशी एक वही असावी. कोणी किती वेळ यंत्र चालवले, भिंग केव्हा पुसले, पाणी केव्हा बदलले, हे तीत लिहिले जावे. आणि यंत्र ठीक नसेल तर ते बंद ठेवण्याचा अधिकार त्याला असावा, मग समोर कितीही मोठा माणूस उभा असो. ती ओळ ज्या कागदावर नसेल, त्याला आपण संमती देऊ नये.