ब्रेमेनची विषकन्या: गेशे गॉटफ्रीड

उत्तर जर्मनीतील ब्रेमेन या स्वायत्त नगरराज्यातील गेशे गॉटफ्रीड (1785–1831) हिने 1813 ते 1827 या काळात आई-वडील, स्वतःची मुले, जुळा भाऊ आणि दोन पती यांच्यासह पंधरा जणांचा विषप्रयोगाने बळी घेतला. तरीही आजाऱ्यांची शुश्रूषा ती इतक्या निष्ठेने करी, की शहरात तिच्याविषयी संशयाऐवजी सहानुभूतीच वाढत गेली. तिचे साधन होते ‘उंदीरलोणी’, म्हणजे उंदीर मारण्यासाठी चरबीत सोमल कालवून केलेले मिश्रण. सोमलाच्या विषबाधेत उलट्या, जुलाब आणि पोटात कळा अशी पोटाच्या सामान्य विकारांसारखीच लक्षणे दिसतात, आणि मृतदेहातील सोमल खात्रीने ओळखणारी मार्शची रासायनिक चाचणी 1836 मध्ये आली, त्यामुळे त्या काळच्या डॉक्टरांना सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे ठरेल. मात्र एकाच घरातून इतक्या अंत्ययात्रा निघूनही कोणी प्रश्न विचारला नाही, याचे समाधानकारक स्पष्टीकरण वैद्यकशास्त्रात सापडत नाही.

अखेर ती राहत असलेल्या घरातील रुम्फ नावाच्या चाके बनवणाऱ्या कारागिराला आपल्या अन्नावर पांढरे कण दिसले. त्याने ते डॉक्टरांकडून तपासून घेतले आणि 6 मार्च 1828 रोजी, तिच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, तिला अटक झाली. हेतू शोधला, तर काही खुनांत पैशाचा लोभ दिसतो, इतरांत तोही नाही. 21 एप्रिल 1831 रोजी तलवारीने झालेला तिचा शिरच्छेद हा ब्रेमेनमधील शेवटचा जाहीर मृत्युदंड ठरला. पुढे 1971 मध्ये फासबिंडर या नाटककाराने तिच्या कथेवर ‘ब्रेमेनचे स्वातंत्र्य’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे नाटक लिहिले आणि तिच्या खुनांकडे पुरुषी वर्चस्वाविरुद्धचे बंड म्हणून पाहिले. मुलांचे मृत्यू मात्र त्या चौकटीत सहज बसत नाहीत.