वंशसंबंध आणि पिढीपालट : अमेरिकेची संयुक्त संस्थाने

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील निरनिराळ्या वंशगटांचे परस्परांशी असलेले संबंध, त्यांविषयीच्या समजुती आणि त्या समजुती आजोबांकडून नातवापर्यंत येताना कशा पालटल्या, हा या नोंदीचा विषय. भर कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्या संबंधांवर आहे. मराठीत 'वंश' आणि 'वर्ण' हे दोन्ही शब्द वापरात आहेत. परंतु चातुर्वर्ण्यातल्या वर्णाशी गल्लत होऊ नये म्हणून येथे 'वंश' हाच शब्द घेतला आहे. वंश ही जीवशास्त्राने ठरवून दिलेली वर्गवारी नव्हे. अमेरिकेत ती कायदेमंडळांनी, न्यायालयांनी आणि जनगणनेच्या तक्त्यांनी घडवली. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. मानववंशशास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी माणूस गोरा नव्हे, असे कारण न्यायालयाने दिले. हिंदी लोकांना नागरिकत्वाची वाट पुन्हा खुली झाली ती १९४६ साली.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी : १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले. १६६२ मध्ये त्याच वसाहतीने मुलाचा दर्जा आईवरून ठरवण्याचा कायदा केला आणि गुलामी जन्मजात झाली. १८६५ मध्ये ती कायद्याने संपली. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, तेव्हा ही घटना अवघी आठ वर्षांची होती. पुढे दक्षिणेकडील राज्यांनी शाळा, आगगाडी, पाण्याचे नळ, दफनभूमी सगळे वेगळे केले आणि १८९६ च्या प्लेसी निकालाने त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उठवली. ती १९५४ च्या ब्राउन निकालाने पुसली. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांनी पृथक्करणाचा कायदेशीर डोलारा मोडला. मनांचे काय झाले, हा प्रश्न वेगळा आहे.

त्याचे उत्तर शोधताना आकडेवारीच्या आधी एक छायाचित्र पाहावे. ४ सप्टेंबर १९५७, लिटल रॉक, आर्कान्सा. सेंट्रल हायस्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एकत्र जायचे ठरले होते. पण एलिझाबेथ एकफर्डच्या घरी दूरध्वनी नव्हता, त्यामुळे निरोप पोहोचला नाही. पंधरा वर्षांची ती मुलगी बसने एकटीच आली. अंगात घरी शिवलेला पांढरा पोशाख, खाली चौकड्यांच्या कापडाची पट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा, वह्या छातीशी धरलेल्या. शाळेच्या दाराशी राज्याच्या सैनिकांनी तिला अडवले. परत फिरली तर मागे जमाव. विल काउंट्स या छायाचित्रकाराने टिपलेल्या चित्रात तिच्या मागे हेझेल ब्रायन नावाची तिच्याच वयाची गोरी मुलगी आहे. तोंड उघडे, कपाळाला आठ्या, ओरडता ओरडता थिजलेली. एलिझाबेथ बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. ग्रेस लॉर्च या गोऱ्या बाईने तिला बसमध्ये चढवून दिले.

हेझेलच्या चेहऱ्यावरचा द्वेष तिने स्वतः शोधून काढलेला नव्हता. पंधराव्या वर्षी माणूस घरात जे ऐकतो तेच रस्त्यावर ओरडतो. पण गोष्ट तिथे थांबली नाही. नागरी हक्कांच्या निदर्शकांवर होणारे हल्ले दूरचित्रवाणीवर पाहून हेझेल अस्वस्थ झाली आणि १९६३ मध्ये तिने एलिझाबेथला दूरध्वनी करून क्षमा मागितली. १९९७ मध्ये, घटनेला चाळीस वर्षे झाली तेव्हा, काउंट्स यांनीच दोघींचे शाळेसमोर हसतमुख उभे असलेले दुसरे छायाचित्र काढले. त्याची भित्तिपत्रके निघाली, दोघींची मैत्री झाली, सभांमधून त्या एकत्र बोलल्या. काही वर्षांत ती मैत्री तुटली. हेझेल आपल्या भूतकाळाला पुरती सामोरी जात नाही असे एलिझाबेथला वाटू लागले. हेझेलवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. एका माणसाचे मत एका आयुष्यात पालटू शकते आणि तरीही दोघांमधला हिशेब बाकी राहू शकतो, हे या दोन छायाचित्रांइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

मते कशी बदलतात

जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ च्या निबंधात मांडले की तारुण्यात जे अनुभव येतात त्यांचा ठसा आयुष्यभर टिकतो आणि एकाच काळात वाढलेल्यांना तो ठसाच 'पिढी' बनवतो. यावरून समाजाचे मत बदलण्याचे दोन मार्ग मानले जातात. पहिला, जुन्या समजुतींची माणसे काळाच्या पडद्याआड जातात आणि त्यांच्या जागी नव्या वातावरणात वाढलेली येतात. दुसरा, जिवंत माणसेच आपले मत बदलतात. अमेरिकेत दोन्ही घडले. केवळ 'जुनी पिढी गेली की प्रश्न सुटेल' असे मानणारे दुसऱ्या मार्गाला विसरतात. दुसरा मार्ग आपोआप चालत नाही. त्याला कायद्याचा धक्का आणि शेजारच्या माणसाचा निषेध लागतो.

कृष्णवर्णीयांमध्येही पिढ्यांचे अंतर होते, आणि वंशसंबंधांवरील लिखाणात या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, हा मोठा दोष आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे वूलवर्थच्या उपाहारगृहात बसकण मारणारे चौघे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. मे १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये तर शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. यामागचे कारण रोकडे होते. बाप मोर्चात दिसला तर नोकरी जाई, घराचे हप्ते थकत. मुलांना गमावायला नोकरी नव्हती. पहिल्या दिवशीच शेकडो मुले तुरुंगात गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसी कुत्री आणि अग्निशामक दलाचे पाण्याचे फवारे त्यांच्यावर सोडले गेले; ती दृश्ये देशभर दिसली आणि पुढच्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्याचे नाव आणि धग घेऊन १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. मराठी माणसाचा याहूनही थेट संबंध १९६५ च्या स्थलांतर कायद्याशी आहे. देशावार कोट्याची वंशभेदी पद्धत मोडणारा हा कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेतच संमत झाला. त्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-अभियंत्यांसाठी दार उघडण्यात बर्मिंगहॅमच्या त्या मुलांचाही हात होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. सांगितले पाहिजे.

विवाह : पालटाची कसोटी

मत किती खोलवर बदलले हे पाहायचे तर लग्नाकडे पाहावे. शाळेत शेजारी बसू देणारा माणूस मुलीचे लग्न म्हटले की आतला माणूस बाहेर काढतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहारही केला. १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय मानला. अमेरिकेतील वंशवादी कायदेमंडळांना हे मर्म उलट्या बाजूने ठाऊक होते. म्हणूनच गुलामी संपल्यावरही मिश्रविवाहबंदी शतकभर टिकली.

व्हर्जिनियाच्या कॅरोलाइन काउंटीतला रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड जीटर ही कृष्णवर्णीय व मूळ अमेरिकी वंशाची तरुणी यांनी जून १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. पाचसहा आठवड्यांनी, रात्री दोनच्या सुमारास, शेरीफ आपल्या माणसांसह त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. भिंतीवर लग्नाचा दाखला टांगलेला होता. तो येथे चालत नाही, असे सांगून दोघांना अटक झाली. न्यायाधीशाने एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि पंचवीस वर्षे राज्यात एकत्र पाऊल ठेवणार नसाल तर ती स्थगित ठेवतो, असे म्हटले. १९६३ मध्ये मिल्ड्रेडने महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिले, त्यातून खटला उभा राहिला आणि १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. त्या दिवशी १६ राज्यांत ती अमलात होती.

गॅलप संस्थेच्या पाहणीत १९५८ मध्ये, म्हणजे लव्हिंग दांपत्याला अटक झाली त्याच वर्षी, अशा विवाहांना संमती देणारे अमेरिकी केवळ ४ टक्के होते. १९६८ मध्ये २० टक्के. म्हणजे न्यायालयाने निकाल दिला तेव्हा जनमत त्याच्या कितीतरी मागे होते. १९९१ मध्ये पहिल्यांदा संमती देणारे (४८ टक्के) विरोध करणाऱ्यांपेक्षा (४२ टक्के) जास्त झाले. त्या वर्षी पन्नाशी उलटलेल्यांत संमती चौथ्या हिश्श्याच्या आसपास होती, तर तिशीच्या आतल्यांत निम्म्याहून बरीच अधिक. २०२१ मध्ये एकूण संमती ९४ टक्क्यांवर पोहोचली. प्रत्यक्ष लग्नांची गती मात्र मंद आहे. प्यू संशोधन केंद्राच्या अभ्यासानुसार १९६७ मध्ये नवविवाहितांपैकी ३ टक्क्यांचा जोडीदार वेगळ्या वंशाचा किंवा हिस्पॅनिक-बिगरहिस्पॅनिक असा वेगळ्या गटाचा होता. २०१५ मध्ये १७ टक्क्यांचा. अलाबामाच्या राज्यघटनेतले मिश्रविवाहबंदीचे निरर्थक झालेले कलम काढायला २००० साल उजाडले, आणि तेव्हाही सुमारे ४० टक्के मतदारांनी ते राहू द्यावे असे मत दिले. बंद खोलीतल्या मतपत्रिकेवर माणूस जे लिहितो ते पाहणी करणाऱ्याला सांगितलेल्या उत्तरापेक्षा खरे मानावे लागते.

तत्त्व आणि अंमल

हॉवर्ड शूमन, शार्लट स्टीह आणि लॉरेन्स बोबो यांनी १९८५ मध्ये चार दशकांच्या पाहण्या एकत्र मांडून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. समतेच्या तत्त्वाला गोऱ्यांचा पाठिंबा पिढीगणिक वाढत गेला. पण ती समता प्रत्यक्षात आणण्यासाठी सरकारने पावले उचलावीत काय, या प्रश्नावर पाठिंबा फार कमी राहिला आणि तरुणांच्या येण्यानेही तो त्या प्रमाणात वाढला नाही. १९४२ मध्ये गोरी व काळी मुले एकाच शाळेत जावीत असे मानणारे गोरे सुमारे एक तृतीयांश होते. १९९५ पर्यंत जवळजवळ सगळेच तसे म्हणू लागले. पण त्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत न्यायचे ठरले तेव्हा १९७४ मध्ये बॉस्टनमध्ये त्या बसवर दगड पडले. बॉस्टन दक्षिणेत नाही.

म्हणून २०२१ च्या पाहण्यांत एक चमत्कारिक जोडी दिसते. मिश्रविवाहाला ९४ टक्के संमती, आणि त्याच वर्षी कृष्णवर्णीय-गोरे संबंध चांगले आहेत असे म्हणणारे अवघे ४२ टक्के. गॅलपच्या वीस वर्षांच्या नोंदीतला हा नीचांक. आदल्या वर्षी २५ मे रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला होता. त्यानंतर 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' चळवळीला जून २०२० मध्ये ६७ टक्के प्रौढांचा पाठिंबा होता, २०२३ मध्ये तो ५१ टक्क्यांवर आला. याच २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशांत वंशाचा विचार करण्याची पद्धत बंद केली. मते एकाच दिशेने चालत राहतात, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

वारसा

मते माणसाबरोबर जातात. घर मुलांना मिळते. महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही हजारो घरांची वसाहत उभी राहिली. परत आलेल्या सैनिकाला सरकारी हमीच्या कर्जावर तिथे घर मिळे, किंमत सातआठ हजार डॉलरच्या घरात. करारात मात्र कलम होते की घर गोऱ्यांखेरीज इतरांच्या वापरात देता येणार नाही. संघराज्याच्या गृहनिर्माण प्रशासनाला ते कलम खटकले नाही. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्याच्या लेखी कर्जाला अपात्र होत्या. त्याच युद्धात लढलेला कृष्णवर्णीय सैनिक भाड्याच्या खोलीत राहिला. १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरला, तोवर पहिल्या सैनिकाच्या घराची किंमत चढू लागली होती. त्या घरावर मुलांची शिक्षणे झाली, धंद्याला भांडवल उभे राहिले, शेवटी ते विकून पैसा वाटला गेला. त्या नातवंडांच्या मनात कदाचित वंशद्वेषाचा लवलेशही नसेल, आणि पाहणीत ती ९४ टक्क्यांत मोजली जात असतील. आजोबांचे मत त्यांनी टाकून दिले, घर मात्र घेतले. अमेरिकेतल्या वंशसंबंधांची आजची गाठ या ठिकाणी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती मनपरिवर्तनाने सुटणारी नाही.

फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबांची मध्यक निव्वळ मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबांची ४४ हजार ९००.